पिकूचं इवलं अंडं

एक होता हौद.
हौदात होतं पाणी.
पाण्यात होती पिकू.

पिकू म्हणजे कोण? मासोळी! एवढीशी. तुझ्या बोटाएवढी. आणि डोक्यावर एक ठिपका. चमचम! चमचम! गोदाआत्याच्या नाकात चमकी आहे ना, तस्सा!

हौद गोदाआत्याचा. आत्यानेच पिकूला आणलं. गावच्या ओहोळातून, ओंजळीत धरून.
शेजारीण म्हणायची, "हा कसला गं मासा? दुकानातला आण. लाल आण, निळा आण."
आत्या म्हणायची, "गप गं! आपल्या ओहोळाची लेक आहे ती. बघ तरी, कशी चमकते!"
आणि खरंच चमकायची हो पिकू!

एक दिवस पिकूने अंडं घातलं. इवलंसं. मोहरीएवढं. पाण्यात एक हिरवी काडी होती. त्या काडीला अंडं चिकटवलं.

आणि नेमकी त्याच दिवशी आत्याला आली सफाईची हुक्की! पदर खोचला. पाणी उपसलं. खळ्ळ खळ्ळ! गाळ काढला. पाला काढला. हिरवी काडीही काढली. काठावर टाकली. थप्प!
अगं आत्या, कचरा नाही गं तो! पण आत्याला दिसतंय कुठे? चष्मा राहिला खिडकीत.

वर ऊन. खाली काडी. काडीला अंडं.
पिकूने पाहिलं. काठ किती उंच! पाणी किती खाली!
"माझं अंडं सुकलं तर? मग पिल्लू कसं होणार?"
पिकूला रडू आलं. पण रडून काय होतंय? पिकू निघाली.
सुळुक सुळुक! सुळुक सुळुक!

पाण्यात बसला होता बेडूक.
"बेडूकमामा, बेडूकमामा, काडी ढकला ना!
काडी भिजेना.
माझं इवलं अंडं उन्हात सुकतंय!"
बेडूक म्हणाला, "डरांव! नाही बाई नाही! काठ केवढा उंच! पान वर चढू दे. मग मी पानावरून उडेन."

सुळुक सुळुक! सुळुक सुळुक!
पाण्यावर होतं कमळाचं पान.
"पानताई, पानताई, वर चढ ना!
बेडूक उडेना,
काडी भिजेना.
माझं इवलं अंडं उन्हात सुकतंय!"
पान म्हणालं, "नाही बाई नाही! मी कशी चढू? मी पाण्यावर तरंगते. पाणी वाढू दे. मग मी चढेन."

सुळुक सुळुक! सुळुक सुळुक!
"पाणीदादा, पाणीदादा, वाढ ना!
पान चढेना,
बेडूक उडेना,
काडी भिजेना.
माझं इवलं अंडं उन्हात सुकतंय!"
पाणी म्हणालं, "डुबुक! नाही बाई नाही! माझं मी कसं वाढू? आत्याने ओतलं तर मी वाढेन."

वाटेत भेटला शिंपला. पिकूने त्यालाही सांगितलं.
"शिंपलेकाका, शिंपलेकाका, ऐका ना!
पाणी वाढेना,
पान चढेना,
बेडूक उडेना,
काडी भिजेना.
माझं इवलं अंडं..."
खट्! शिंपल्याने दारच लावून घेतलं!
मेला आळशी! जाऊ दे त्याला. आपण पुढे जाऊ.

सुळुक सुळुक! सुळुक सुळुक!
हौदापाशी उभी होती गोदाआत्या. आत्याच्या कडेवर होती बकुळ. आत्याच्या भावाची लेक. अगदी तुझ्याएवढी.
"आत्या, आत्या, पाणी ओत ना!
पाणी वाढेना,
पान चढेना,
बेडूक उडेना,
काडी भिजेना.
माझं इवलं अंडं उन्हात सुकतंय!"

आत्याला काय ऐकू आलं? बुडबुड बुडबुड! मोठ्या माणसांना माशांचं कळतंय थोडंच!
पण आत्या म्हणाली, "पाणी कमी पडलं ना गं माझ्या सोन्याला? ओतायचंय बाई. रांजण भरून ठेवलाय कालपासून. माणसांना ताजं पाणी, माशांना शिळं! नळाचं ताजं पाणी माशांना बाधतं. पण ओतू कशी? ही बकुळ खाली उतरेल तर ना!"

लहान मुलांना मात्र माशांचं सगळं कळतं. बकुळने मान वाकवली. कान दिला.
"बकुळबाळ, बकुळबाळ, खाली उतर ना!
आत्या ओतेना,
पाणी वाढेना,
पान चढेना,
बेडूक उडेना,
काडी भिजेना.
माझं इवलं अंडं उन्हात सुकतंय!"
बकुळ म्हणाली, "नाही गं नाही! खाली डासीण आहे. माझ्या पायाला चावते. हे बघ, केवढी लाल गांधी उठली! डासीण गेली तर मी उतरेन."

इकडे ऊन सरकलं. काडीवर आलं. काडीचं टोक वाळलं.
सुळुक सुळुक! सुळुक सुळुक! सुळुक सुळुक!

हौदाच्या कोपऱ्यात तरंगत होती एक करवंटी. करवंटीवर बसली होती डासीण. पायावर पाय टाकून!
"डासीणबाई, डासीणबाई, जा ना!
बकुळ उतरेना,
आत्या ओतेना,
पाणी वाढेना,
पान चढेना,
बेडूक उडेना,
काडी भिजेना.
माझं इवलं अंडं उन्हात सुकतंय!"

डासीण हसली. गुंऽऽ गुंऽऽ गुंऽऽ!
"जा म्हणे! मी का जाऊ? मी चावणार! बकुळला चावणार, आत्याला चावणार! आणि माझी पिल्लं आहेत या करवंटीखाली. ढीगभर! ती मोठी झाली की तीही चावतील. तू एवढीशी टिकली! तू काय करणार गं?"

पिकू म्हणाली, "कुठे म्हणालात? करवंटीखाली?"

अगं डासीणबाई, नको ते बोललीस! पिकूला काय आवडतं, माहीत आहे का तुला?

पिकू गेली करवंटीखाली. तिथे डासिणीची पिल्लं. वळवळ वळवळ!
पिकूने केला आऽऽ!
गट्टम!
गट्टम! गट्टम!
गट्टम! गट्टम! गट्टम!
एक म्हणून शिल्लक नाही!
मग पिकूने वर पाहिलं. डोक्यावरचा ठिपका चमकला. पिकूने मारली उडी. टप्प! डासिणीची तंगडीच धरणार होती, थोडक्यात हुकली!
"अगं आई गं! ही टिकली नाही, ही तर वाघीण!"
डासीण जी पळाली, ती कुंपणापार! गुंऽऽऽऽऽ!

शाब्बास गं पिकू! एवढीशी मासोळी, पण काय तिची हिंमत!

आणि मग?
डासीण पळाली,
बकुळ उतरली,
आत्याने ओतलं, धो धो धो,
पाणी वाढलं,
पान चढलं,
बेडूक उडाला, टुणुक पानावर, टुणुक काठावर, मागच्या पायाने मारली लाथ,
आणि काडी भिजली! टुप्!

झाली का गोष्ट? छे! थांब जरा.

काडी आली पाण्यात. पिकू आली काडीपाशी. अंडं दिसलं. इवलंसं. गोल गोल. आणि पिकूने काय केलं? पिकूने केला आऽऽऽ!
अगं अगं अगं! ते तुझंच अंडं आहे!
पण पिकूच्या डोक्यात अजून गट्टम गट्टमच चाललेलं!

बकुळ ओरडली, "आत्या, अंडं! आत्या, अंडं!"
आत्या धावली. काडी झटकन वर उचलली. खिडकीतला चष्मा आणला. नाकावर ठेवला. काडी निरखली.
"अगंबाई, अंडंच की गं! आणि मी वेडी, मीच काठावर टाकलं होतं! बरं झालं हो बकुळ, तू सांगितलंस. माशांचं हे असंच. तोंडापुढे आलं की गट्टम! आपलं कोणतं, परकं कोणतं, काही कळत नाही त्यांना."

मग आत्याने घेतली काचेची बरणी. तिच्यात शिळं पाणी. पाण्यात काडी. काडीला अंडं. बरणी हौदातच तरंगत ठेवली.
आत अंडं. बाहेर पिकू. मध्ये काच.
पिकू काचेपाशी जायची. तोंड लावायची. टुक टुक! टुक टुक!

रोज सकाळी बकुळ यायची. अनवाणी. आता पायाला कुणी चावत नव्हतं ना!
"आत्या, आलं का?"
"नाही गं अजून."
"आत्या, आलं का?"
"धीर धर बाळा."
"आत्या, आलं का?"
आत्याने चष्मा पुसला. बरणीत पाहिलं. आणि हसली. बकुळला उचललं आणि दाखवलं.

बरणीत होते दोन डोळे.
एक शेपटी, केसाएवढी.
आणि डोक्यावर?
डोक्यावर एक ठिपका! चमचम! चमचम!

बकुळ हळूच म्हणाली, "पिकू, ए पिकू, तुझं बाळ आलं."
पिकू आली काचेपाशी. बाळ आलं काचेपाशी. ठिपक्यासमोर ठिपका.
पिकूने काचेला तोंड लावलं. टुक टुक!
बाळानेही लावलं. टिक टिक!

काडी भिजली.
गोष्ट निजली.
आता तूही नीज बघू. डास नाही चावायचा. हौदात पिकू आहे ना!