दोन्हीकडून दिसणारी खिडकी

मनाच्या आजारांवर उपचार करण्यात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध डॉक्टर बाईंकडे एकदा एक शिष्या आली. शाल्मली तिचं नाव. डोंगरापलीकडच्या रुग्णांना घरबसल्या भेटता यावं म्हणून तिने मोबाइलवरून भेटी सुरू केल्या आणि तिच्या उत्साहाला उधाण आलं. झोप किती, भूक किती, मन कसं, सगळं पडद्यावर हजर!

डोंगरापलीकडची एक रुग्ण, सगुणा, मात्र बोलेना. बहीण गेल्यापासून तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून बसे. औषध घेई, पण जेवण दोन घासांवर आलं होतं. नवरा नरहरी रोज मोबाइल समोर धरी, शाल्मली विचारी, सगुणा मान फिरवी.

"आता दवाखान्यात ठेवावं लागेल," शाल्मली हताशपणे म्हणाली.

"लागलं तर ठेवू. आजची भेट मी घेते," बाई म्हणाल्या.

मोबाइल टेबलावर उभा करून त्या मोड आलेले वाल सोलत बसल्या. प्रश्न नाही, उपदेश नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साली निघेनात, दाणे मोडू लागले. शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नरहरीला काय वाटत असेल!

तेवढ्यात पलीकडून खरखरीत आवाज आला, "गार पाण्यात का भिजवलेत? कोमट पाण्यात घाला. साली आपोआप सुटतील."

सगुणा! शाल्मली ताडकन उठली. पलीकडे नरहरी असा दचकला की मोबाइल कलंडून पडद्यावर क्षणभर छपरच दिसलं.

"मग, फोडणीला काय घालतेस ग?" बाईंनी सहज विचारलं. आणि सगुणा सांगू लागली!

भेट संपताच शाल्मली बाईंकडे वळली. "बाई, हे झालं कसं?"

"तुझे प्रश्न चुकीचे नव्हते," बाई म्हणाल्या. "पण आपण रोज तिच्या घरात डोकावत होतो. आपल्या घरातलं तिला काहीच दिसत नव्हतं. ज्याच्याकडे सगळे नुसते पाहतात, तो माणूस लपू लागतो. ही खिडकी दोन्हीकडून उघडते, पोरी. औषध चालू ठेवू, उद्या पुन्हा भेटू. पण तिलाही आपल्याकडे पाहू दे."

शाल्मलीने पुढच्या रुग्णाला, एका अबोल आजोबांना, फोन लावला आणि प्रश्न विचारण्याआधी मोबाइल अंगणाकडे वळवला.

"आजोबा, आमची शेवंती बघा. आजच फुललीय!"