नुमैरचा शब्द

फार फार वर्षांपूर्वी अरबांच्या वाळवंटाकाठी एक लहानसे राज्य होते. तिथल्या अमिराच्या पदरी नुमैर नावाचा दूत होता.

वीस वर्षे तो उंटावरून टोळ्याटोळ्यांत फिरला. त्याने वैरे मिटवली, कैदेत पडलेली माणसे सोडवून आणली. त्याच्याकडे लेखी करार कुणी मागत नसे. “नुमैर म्हणाला ना? मग झाले,” असे लोक म्हणत.

हे पाहून अमिराने त्याला वजीर केले. त्याच उन्हाळ्यात अमीर त्याला म्हणाला, “मुसाइद शेखाच्या टोळीला सांग, आमची मोठी विहीर तुम्हाला खुली आहे. ते कुरणे सोडून निघाले, की कुरणे आपली.”

“आणि विहीर?”

“तिच्यावर पहारा असेल.”

नुमैरने मनाची समजूत घातली. वजिरी टिकली तर पुढे कितीतरी भले करता येईल. खोटे एकदाच तर बोलायचे आहे.

शेखाने त्याला एवढेच विचारले, “हे तू स्वतः सांगतोस?”

“मी स्वतः सांगतो.”

टोळी तीन दिवस चालून आली, तर विहिरीभोवती भालाईत उभे. परतीच्या वाटेवर आधी जनावरे पडली, मग म्हातारी माणसे. शेखही गेला.

चार वर्षांनी अमीर वारला. त्याचा मुलगा न्यायी होता. मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्याने विहीर खरोखरच सर्वांना खुली केली. निरोप घेऊन नुमैर स्वतः धावला.

टोळीचा कारभार आता शेखाची विधवा जुमाना पाहत होती. उरल्यासुरल्या पाण्यातले वाटीभर तिने त्याच्यापुढे ठेवले. “पाहुणे आहात, प्या.”

“बाई, या वेळी खरे सांगतोय. लेकरांना घेऊन चला.”

“तेव्हाही तुम्ही असेच बसला होतात,” जुमाना शांतपणे म्हणाली. “आवाजही हाच होता. फरक मी कसा ओळखायचा?”

पहाटे टोळीने तळ उठवला आणि दक्षिणेची वाट धरली. त्या बाजूचे झरे यंदा आटले आहेत, हे नुमैरला ठाऊक होते. तो हाका मारत बराच वेळ त्यांच्यामागे चालला. एका लहान मुलीने मान वळवून पाहिले. आईने हात धरून तिला पुढे नेले.

त्या वाटेने परत आलेली माणसे फारच थोडी होती. नुमैरने वजिरी सोडली, पण त्याने कुणाचे काय भरून येणार?

लहानथोरांनो, ज्याने एकदा विश्वासाचा घात केला, त्याचे खरे बोलणेही मग कुणाला वाचवू शकत नाही.