चवड्यावरची कुस्ती

"...आणि मलाच म्हणते, तुम्ही यायचं नाही! मला, वस्ताद! सख्ख्या बापाला! हे मी ऐकून घ्यायचं व्हय?"

सर्जेराव खोताचा आवाज एवढा चढला, की हौद्यातली तांबडी माती उकरणारे दोघं पैलवान फावडी टेकून उभे राहिले.

हैबती वस्तादांनी मान वर केली नाही. हौद्याच्या कडेला उकिडवे बसून ते मातीतले खडे वेचत होते. ऐंशी पार केलेला माणूस, पण तालमीच्या मातीतला खडा दुसऱ्या कुणी वेचलेला त्यांना पटायचा नाही.

"कुठं जायाचं हाय?"

"मुंबईला. परीक्षेला."

"कसली परीक्षा?"

झाली का पंचाईत! ऐन उमेदीत या सर्जेरावानं पंजाबच्या मल्लाला आस्मान दाखवलं होतं. पण आपली पोरगी काय शिकते हे तालमीत सांगायची वेळ आली, आणि गड्याची जीभ टाळ्याला चिकटली.

"नाच असतोय एक," तो म्हणाला. "विलायती. बॅले म्हणतात. पायाच्या बोटांवर उभं राहायचं. नुसत्या टोकावर."

एक पैलवान फिसकन हसला. सर्जेरावानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि तो मुकाट्यानं फावडं मारायला लागला.

हसणारे सर्जेरावानं आठ वर्षं बघितले होते. पैलवानाची पोर आणि चिमणीसारख्या उड्या मारते, असं गल्लीत एक जण बोलला, तर त्याला यानं चहाच्या गाड्यावरून कॉलर धरून उठवला होता. पोरीला क्लासला न्यायला-आणायला हाच. ती घरी आली की तिच्या पोटऱ्या तेल लावून मळायला हाच, तालमीत पैलवान एकमेकांच्या मळतात तशा. भिंतीला पाइप ठोकून घरात सरावाची दांडी करून दिली तीही यानंच. आणि आता तीच पोरगी म्हणते, येऊ नका. माणसाचं डोकं फिरेल नाही तर काय!

"पोरगी कुठाय?"

"दारात उभी आहे."

दारातच असणार. या तालमीत बाईमाणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, हा वस्तादांच्याही वस्तादांपासूनचा रिवाज. राजनंदिनी उंबऱ्याबाहेर उभी होती. पंधरा वर्षांची, केस करकचून वर बांधलेले, हनुवटी बापासारखीच पुढं आलेली. सर्जेरावानं तिला मुद्दाम आणलं होतं. वस्तादांनी दोन शब्द सुनावले की पोरगी ताळ्यावर येईल, अशी त्याची खात्री होती.

"पयल्यापासनं सांग," वस्ताद म्हणाले.

सर्जेरावानं सांगितलं. बॅलेच्या खास शाळा असतात. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, आणि दिवसाचे सहा-सहा तास नाचायचं. चारशे पोरी परीक्षा देतात, पाच-सहा घेतात. सोळावं सरलं की पुन्हा दार उघडत नाही. राजनंदिनीला यंदा सोळावं होतं. पहिल्या शाळेनं सांगितलं, खुब्याचा सांधा पुरता उघडत नाही. दुसरीनं सांगितलं, पाऊल पुरतं वळत नाही. दोन्ही वेळा पोरगी घरी आली, तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दांडी धरून उभी राहिली.

"आनि तिसऱ्या खेपंला?"

सर्जेराव दाराकडं बघायला लागला.

"आरं, बोल की."

"तिसऱ्या खेपेला... मी ओरडलो."

वस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली.

झालं होतं असं. परीक्षेला आईबापांना आत सोडत नाहीत. बाहेर खुर्च्या मांडलेल्या. सगळ्या आया मोबाइल बघत बसलेल्या, आणि हा एकटा दाराच्या वीतभर काचेला नाक लावून उभा. आत राजनंदिनी एका पायाच्या चवड्यावर, दुसरा पाय मागं उचललेला. तिची टाच किंचित खाली यायला लागली. सर्जेरावाला दिसलं. मग काय, मैदान आणि हॉल यातला फरकच विसरला गडी. मांडीवर शड्डू ठोकला आणि गरजला, "सोडू नको! धर! धर! आता सुट्टी न्हाई!"

आत पियानो थांबला. परीक्षा घेणारी गोरी बाई छातीवर हात ठेवून उभी राहिली. आणि राजनंदिनीचा पाय खाली आला.

मुंबईहून कोल्हापूरपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बोलली, ते एवढंच. "चौथ्या वेळी तुम्ही यायचं नाही."

"चौथी खेप परवा आहे," सर्जेराव म्हणाला. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "यावर बापाची सही लागते. उद्या सकाळची गाडी. आईबरोबर जाते म्हणते. मीही सांगितलं, मी नाही तर सही नाही!"

"बरं."

"बरं काय, वस्ताद! माझं चुकलं काय? तुम्ही ओरडत नव्हता? त्या पंजाब्याबरोबरच्या कुस्तीत तुमचा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू जात होता. त्या आवाजावर तर मी जिंकलो!"

"मी काय वरडत हुतो?"

"एकचाक लाव! एकचाक लाव!"

"आनि तू कुठला डाव लावलास?"

वीस-बावीस वर्षं सर्जेराव ही कुस्ती लोकांना सांगत आला होता, पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"...घिस्सा," तो म्हणाला.

"एकचाक लावला असतास तर?"

"चीत झालो असतो. त्याचा हात मोकळा होता."

"मला तो हात दिसला नव्हता," वस्ताद म्हणाले.

"मग ओरडत कशाला होता, वस्ताद?"

वस्तादांनी मातीतला एक खडा उचलला, बघितला, बाहेर भिरकावला...

"ए पोरी!" त्यांनी दाराकडं तोंड केलं. "तीनदा न्हाई म्हनल्यात. चौथ्यांदा बी म्हनलं तर?"

"म्हणू देत," राजनंदिनी म्हणाली. "तोंड त्यांचं आहे. पाय माझे आहेत."

फावडी पुन्हा थांबली.

"काय पायजे तुला?"

"सही."

"बाप नको?"

तिनं बापाकडं बघितलं. पंजाब्यासमोर उतरतानासुद्धा सर्जेराव एवढा घाबरला नव्हता.

"पाहिजे," ती म्हणाली. "आवाज नको."

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"आत ये. ते काय करत हुतीस, ज्यात ह्यो वरडला, ते मातीत करून दाखीव."

ज्योतिराम नावाचा जुना पैलवान पुढं आला. मघाशी हसला होता तो हाच.

"वस्ताद, आजवर या मातीत बाई उतरली नाही."

राजनंदिनी उंबऱ्याशी थबकली. मग तिनं चपला काढल्या आणि सरळ आत आली. कुणाला विचारलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. हौद्याच्या कडेला येऊन थांबली.

वस्ताद तिच्या पावलांकडं बघत राहिले. अंगठ्यांची नखं काळीनिळी. एका बोटाला नखच नाही. बाकीच्या बोटांच्या पेरांना गाठी आलेल्या, कातडी सोलून पुन्हा आलेली, पुन्हा सोललेली.

त्या तालमीत कान शाबूत असलेला पैलवान नव्हता. घासून, दाबून सगळ्यांचे कान चेमटलेले, गोळा झालेले. कान मोडल्याशिवाय तिथं कुणी कुणाला पैलवान म्हणायचं नाही. ज्योतिरामचे तर दोन्ही मोडलेले, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

वस्तादांनी बोट दाखवलं. पोरीच्या पावलांकडं.

"ज्योत्या, बघ की. कान मोडल्यात हिचं."

ज्योतिरामनं बघितलं... आणि बाजूला झाला.

राजनंदिनी मातीत उतरली. भुसभुशीत माती, पाय घोट्यापर्यंत रुतला. लाकडी जमिनीवर जे अवघड, ते इथं दसपट अवघड. ती डाव्या चवड्यावर चढली. उजवा पाय मागं गेला, वर गेला, कमरेच्या वर गेला. हात पुढं. मान ताठ.

सर्जेरावाचा तळवा मांडीकडं निघाला. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, आपलंच, आणि आवळलं. माती सरकत होती. टाच थरथरत होती. त्याला सगळं दिसत होतं, कुठं भार द्यायला हवा तेही दिसत होतं, आणि गळ्यापर्यंत आलेला शब्द त्यानं मोठ्या कष्टानं गिळला.

"धर! धर पोरी! सोडू नगंस!"

फाडकन शड्डू वाजला आणि राजनंदिनी मातीत कोसळली.

सर्जेराव दचकला. तो ओरडलाच नव्हता!

राजनंदिनी उठली. गुडघे लाल, कोपर लाल, नाकाच्या शेंड्याला माती. तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"कोण ओरडलं?"

सगळे आढ्याकडं बघायला लागले.

"मी," हैबती वस्ताद म्हणाले.

त्या तालमीत वस्तादांच्या नजरेला नजर देऊन कुणी बोलायचं नाही. आमदार झालेले पैलवानसुद्धा खाली बघून बोलायचे. आणि ही वीतभर पोरगी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, माझं होत आलं होतं. तुम्ही पाडलंत."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "चुकलं."

सर्जेरावाला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. वस्ताद चुकलो म्हणतात! आणि तेही याच्या पोरीला!

"पुन्हा एकदा," राजनंदिनी म्हणाली. "आता गप बसायचं. सगळ्यांनी."

वस्तादांनी खांद्यावरचा पंचा ओढला, त्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी घट्ट धरलं.

ती पुन्हा चढली. मातीनं पुन्हा पाय ओढला. ती एकदा डावीकडं कलली, सावरली. उजवीकडं कलली, सावरली. घाम तिच्या कानशिलावरून हनुवटीवर आला आणि तिनं तो पुसला नाही. ज्योतिराम श्वास घ्यायचा विसरला होता. सर्जेरावाचं मनगट बधिर झालं. आठ वर्षं पोटऱ्या मळल्या त्यानं या पायांच्या, पण हे पाय असे त्यानं कधी बघितले नव्हते. प्रत्येक वेळी तो ओरडण्याच्या तयारीत असायचा. बघायचं राहूनच गेलं होतं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते येऊ दिलं.

ती किती वेळ उभी होती कुणी मोजलं नाही. मग तिनं पाय आपणहून खाली घेतला, सावकाश, तिला घ्यायचा होता तेव्हा.

"झालं," ती म्हणाली.

सर्जेरावानं कागदाच्या घड्या उलगडल्या. पेन टेकवायला जागा शोधायला लागला. ज्योतिराम काही न बोलता समोर येऊन ओणवा झाला. त्याच्या रुंद पाठीवर कागद ठेवून सर्जेरावानं सही केली. जोर इतका लागला की एका जागी कागद फाटला.

राजनंदिनीनं कागद घेतला, वाचला, पुन्हा घडी घातली.

"गाडी सातची आहे, पप्पा," ती म्हणाली. "तिकिटं तीन काढा."

ती बाहेर पडली. उंबऱ्यापासून हौद्यापर्यंत तिच्या लाल पावलांचे ठसे उठले होते. ज्योतिराम झाडू घेऊन आला, थांबला, आणि झाडू भिंतीला लावून ठेवला.

सर्जेराव जायला वळला. दोन पावलं गेला. परत आला.

"वस्ताद..."

वस्तादांनी पंचा तोंडातून काढला. टोक चावून ओलं झालं होतं.

"ती आत असणार. दार बंद. दोन-अडीच तास. मी बाहेर खुर्चीवर..." सर्जेरावाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "गप बसून राहायचं. कसं जमतं ते?"

वस्ताद पुन्हा उकिडवे बसले. तिच्या पायानं उकरलेल्या मातीत हात घातला.

"मला काय ठावं? मी कवा बसलोय गप?" ते म्हणाले. "तू बसून ये. मग मला शिकीव."