चुकलेल्या तिराचा दोरा

"मग पातं बदलून द्या ना, बाबा! तीन सकाळी तीन तीर वाकडे गेले. हात माझा चुकत नाही."

खेमाने तीर लोहार नुरजी बाबांपुढे टाकला. पळसाच्या पानासारखं रुंद पातं होतं, बाबांनीच ठोकलेलं.

"रुंद पातं जखम मोठी करतं, पण वाटेतली काडीन् काडी धरतं," बाबा म्हणाले. "अरुंद पातं निसटून जातं. मग जनावर रक्त न सांडता कुठेतरी लांब जाऊन मरतं. तुला काय हवंय?"

"डुक्कर हवंय."

बांबूच्या बेटात डुकराने खेमाच्या धाकट्या भावाला फाडलं, त्याला अकरा दिवस झाले होते.

"दिसलं का?"

"धुक्यात काय दिसणार? खसखसलं की सोडतो. आवाजावर नेम धरणारा दुसरा दाखवा या डोंगरात!"

"कान मोठे आहेत तुझे," बाबा म्हणाले. "सशाचेही असतात."

चुकलेल्या तिराचा दोरा ताणल्याशिवाय, म्हणजे त्याची वाट दोऱ्याने तपासल्याशिवाय, बाबा कुणालाही नवं पातं देत नसत. दोघे तडक बेटाकडे गेले. धुकं अजून उठलं नव्हतं. पाखरू बोलत नव्हतं.

तीर सोडताना खेमा उभा होता तिथे बाबांनी खुंटी ठोकली, दोरा बांधला. दहा पावलांवर एक काडी सापडली, करंगळीहून बारीक, अर्धी कापलेली.

"इथे वळला," खेमा म्हणाला. "ही नसती तर..."

"तर?"

"सरळ गेला असता."

"मग दोरा सरळ ने."

खेमा दोरा घेऊन बेटात शिरला. वीस पावलं गेला आणि थांबला.

डुकराचा एकही खूर उमटलेला नव्हता. गवत मात्र कुणी बसल्यासारखं दबलं होतं. चहूकडे दव होतं, तेवढ्या जागी नव्हतं.

समोर सागाच्या पानावर मक्याची भाकर. मेलेल्यासाठी ठेवतात तशी, चतकोर मोडून. शेजारी आणखी दोन पानं, सुकलेली, मुंग्यांनी भरलेली.

"हात ठेव," बाबा म्हणाले.

खेमाने दबलेल्या गवतावर तळवा ठेवला. ऊब होती.

"तुमच्या घरी भाकर कोण थापतं?"

खेमाने मोडलेल्या भाकरीकडे पाहिलं.

"खेमा."

"आई."

बाबा दोरा गुंडाळू लागले.

"तिला ठाऊक नाही, बाबा..." खेमाने दोरा धरला. "मी इथे तीर सोडतो, हे तिला ठाऊकच नाही..."

"तीर कानाजवळून जातो तेव्हा कळतं, पोरा. तिला पहिल्याच दिवशी कळलं... तरी दुसऱ्या दिवशी ती याच जागी येऊन बसली."