मंजाईला छप्पर चालत नाही

हे देऊळ पडलेलं नाहीये, हे आधीच सांगते. नाहीतर दर रविवारी कुणीतरी वर पोचतं, धापा टाकतं आणि म्हणतं, "अरेरे, किती दुर्लक्ष!" मागं एक साहेब तर छपरासाठी पत्रे पाठवून द्यायला निघाले होते. आमच्या लोकांनी त्यांना चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि हळूच घाटाच्या वाटेला लावलं.

चार भिंती आहेत, काळ्या दगडाच्या, माणसाच्या खांद्याएवढ्या. दार पूर्वेला. आत मूर्ती नाही. तीन दगडांची चूल आहे, तिलाच हळदकुंकू. आणि वर छप्पर नाही, आभाळ आहे. मंजाईला छप्पर चालत नाही. का चालत नाही, तीच तर गोष्ट.

खरं तर ही गोष्ट माझे सासरे सांगायचे. त्यांचा आवाज असा, की ऐकताना माणसं आपोआप चपला काढायची. आता त्यांचे गुडघे हा चढ घेत नाहीत, म्हणून माझी बढती झालीय. "सूनबाई, तू सांग, पण मध्येमध्ये हसू नको," असं त्यांनी बजावलंय. बघते, कसं जमतंय ते. बसा या कातळावर. शेवाळ बघून बसा हं.

इकडं पश्चिमेला बघा. हा कडा तुटला, की खाली कोकण. हवा स्वच्छ असली तर त्याच्यापलीकडं एक चकाकती रेघ दिसते, तो समुद्र. आता मान वळवा. पूर्वेला देश. टेकड्या उतरत उतरत जातात आणि मग नुसता सपाट मुलूख, नजर थकेपर्यंत. सासरे म्हणायचे, आपला अख्खा देश म्हणजे पाण्यात बसलेली एक बाई आहे. तीन अंगांना समुद्र आणि हा डोंगर तिचा कणा. पण कणा मधोमध नाही, पश्चिमेकडं सरकलाय. म्हणून एका अंगाला उतार तोकडा आणि दुसऱ्या अंगाला लांबच लांब. (माझाही कणा एकीकडं सरकलाय, पण त्याला देऊळ कुणी बांधायचं नाही.)

तुम्ही बसलाय त्या कातळाखालून झरा निघतो. निघतो आणि दोन्हीकडं वाटला जातो. पश्चिमेची धार कड्यावरून उडी टाकते आणि बघता बघता समुद्राला मिळते. पूर्वेच्या धारेचं तसं नाही. ती ओढा होते, नदी होते, काळ्या रानांतून, कपाशीतून, उसातून चालत राहते. काठावरची भाषा बदलते, भाताचा वाससुद्धा बदलतो म्हणे, तरी ती चालतेच. आणि मग पलीकडचा समुद्र.

पण पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी या झऱ्याचा एक थेंबही गावाबाहेर जात नव्हता.

असं सांगतात, की आमच्या गावानं झऱ्याला दोन्हीकडून बांध घातले होते. गावचा मुखत्यार बाळोजी म्हणून होता. त्याचं म्हणणं एकच, खाली गेलेलं पाणी वर चढत नाही. बरोबरच होतं की त्याचं! मीसुद्धा मान डोलावली असती. तर पाणी डोंगरावर कोंडून राहिलं. हिरवं झालं. आणि तिकडं समुद्र रुसला. म्हणाला, माझ्या घरी यांच्यातलं कुणी येत नाही, मग मी कशाला ढग पाठवू? एक वर्ष पाऊस नाही. दुसऱ्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी कोंडलेल्या पाण्याचाही तळ दिसायला लागला.

गावात ठकू नावाची बाई होती. नवरा गेलेला, दोन जुळ्या मुली पदरात. एक हौसा, एक मंजी. जुळ्या असून दोघींत साम्य म्हणाल तर नाकापुरतं. हौसा दार ढकलून घरात शिरायची, भांडी पाडायची, सगळ्यांच्या आधी जेवून उठायची. मंजी पाण्याला गेली की हंडा घेऊन परत येईपर्यंत भाकरी गार. वाटेत तिला मुंग्यांची रांग दिसायची, मग ती रांग संपेपर्यंत मंजी उभी.

एका दुपारी ठकूचा या कातळावर बसल्या बसल्या डोळा लागला. आणि म्हणे, झरा तिच्याशी बोलला. म्हणाला, "बाई, मला सासरी पाठवा. मला दोन सासरं आहेत, दोन्हीकडं माझी वाट बघतायत. पण एकटं कसं जाऊ? पाठराखीण द्या."

पाठराखीण म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पोरींना माहीत नसेल. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली, की तिच्यासोबत माहेरची एक बाई जायची. तिला तिथं करमावं म्हणून. चार दिवस राहायची आणि परत यायची. परत यायची, हे महत्त्वाचं. मी माझ्या नणंदेची पाठराखीण होऊन गेले होते, तेव्हा नवरीपेक्षा मीच जास्त रडले. चौथ्या दिवशी तिच्या सासूनं मला आपणहून गाडीत बसवलं.

ठकू जागी झाली आणि तिनं गावाला सांगितलं. बाळोजी म्हणाला, "पाणी सोडायला माझी ना नाही, कारण आता सोडण्याजोगं उरलंय काय? पण पाण्याबरोबर माणूस पाठवायचं? कोण आई पाठवील?"

ठकूनं घराकडं बघितलं. दोघी दारातच उभ्या होत्या.

"मी पश्चिमेला," हौसा म्हणाली. तिनं विचारसुद्धा केला नव्हता. तो कड्याचा उतार तिला लहानपणापासून खुणावत होता.

"मग मी पूर्वेला," मंजी म्हणाली. "पण आई, ती वाट लांब आहे ना गं?"

"लांब आहे. पण पाठराखीण आहेस तू. पोचवायचं आणि परत यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं बांध फोडले. ठकूनं दोघींची ओटी भरली. हौसा पश्चिमेच्या धारेत उतरली, वळून ओरडली, "आई, येते गं!" ठकू म्हणाली, "ये हं!" तेवढ्यात हौसा कड्यावरून गेलीसुद्धा. धार तेवढी पांढरी झाली. पोरगी कुणाला दिसली नाही.

आणि मंजी? मंजी पूर्वेच्या धारेत घोट्याएवढ्या पाण्यात उभी. "आई, शेळीला पाला टाक." टाकते. "आई, उन्हात मिरच्या वाळत घातल्यात." काढते. दोन पावलं जायची, परत वळायची. "आई, माझी गोधडी तू घे, हौसाला देऊ नको, ती फाडते." पाणी पुढं ओढत होतं, पोरगी मागं बघत होती. ठकूला गावासमोर रडायचं नव्हतं. आपण आया अशा वेळी काय करतो? चिडतो. ठकू चिडली आणि म्हणाली, "जा गं बाई, जा एकदाची!"

मंजीनं तिच्याकडं बघितलं. मग ती वळली आणि गेली. 'येते' म्हणायचं तिचं राहिलं, आणि 'ये' म्हणायचं आईचं राहिलं.

तुम्हीच सांगा, आपल्यात कुणी घरातून निघताना 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणतात. आणि घरातलं माणूस 'ये' म्हणतं. कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण टाकायला निघालं तरी. आणि इथं लेकीला एवढ्या लांब पाठवताना ठकूच्या तोंडून 'जा' गेलं.

जेठ महिना लागला आणि पश्चिमेकडून ढग आले. तीन वर्षांनी. येताना नीट यावं ना, पण नाही. ठकूचं दार धाडकन उघडलं, फळीवरची भांडी पडली, खारा वास घरभर झाला. ठकूनं ओळखलं. "हौसा," ती म्हणाली, "हळू. आणि मंजी कुठंय?"

छपरावरून थेंबांचा आवाज आला. आवाज कसला, बोलणंच ते. "आई, आपला मुलूख खाली दक्षिणेला निमुळता होत जातो. त्याच्या टोकाला दोन्ही समुद्र एकमेकांना भेटतात. तिथं मला मंजी भेटली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, आई मला जा म्हणालीय. ये म्हणाली नाही."

"अगं, मग तू सांग तिला, की आई ये म्हणतेय!"

"सांगितलं. ती म्हणते, आईच्या तोंडून ऐकू दे."

हौसा चार महिने राहिली आणि तिनं डोंगर हिरवागार केला. पण तिचा स्वभाव माहीतच आहे. सगळं काही कड्यावरच ओतून टाकलं, पूर्वेला जाईपर्यंत हात रिकामे. तिकडची रानं तहानलेलीच राहिली. आजही बघा ना, आमच्याकडं भिंतीला बुरशी येते आणि वीस मैलांवरचे पाहुणे टँकरच्या गोष्टी सांगतात.

हौसानं सांगितलं त्या दिवसापासून ठकू पूर्वेच्या धारेपाशी बसायला लागली. मंजीपर्यंत आवाज जायचा कसा? तर जे पूर्वेला जातंय त्याच्याबरोबर. ओंजळ भरायची, ओंजळीत म्हणायचं, "मंजे, ये," आणि ओंजळ सोडून द्यायची. तांदूळ धुतलेलं पाणी, "ये". पाय धुतलेलं पाणी, "ये". गावातल्या बाया म्हणायच्या, "ठकूबाई, खरकट्या पाण्याबरोबर निरोप पाठवता होय?" ठकू म्हणायची, "लेक माझी आहे. खरकट्याला नाक मुरडायची नाही."

पाणी हळू चाललं होतं. निरोपही हळू चालला होता. ओढ्यातून नदीत, एका नदीतून दुसरीत, डोहात थांबत, घाटाच्या पायऱ्यांना टेकत. ती वाट मंजीसारखीच होती.

दसरा झाला. हौसा निघून गेली. आभाळ धुतल्यासारखं झालं आणि गावानं नाचणी कापली. तीन वर्षांतलं पहिलं पीक. खळ्यावर कणसं पसरली. आणि एका दुपारी, कधी नव्हे ते, पूर्वेकडून ढग आला.

एकच. काळा, जड, सावकाश. प्रत्येक टेकडीपाशी थांबत होता, काहीतरी बघितल्यासारखं करत होता आणि मग पुढं येत होता. ठकू दारात आली. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

पहिले थेंब पडले ते नेमके खळ्यावर.

गाव धावत सुटलं. कुणी घोंगडी टाकतंय, कुणी पोत्यात कणसं कोंबतंय. बाळोजी ठकूकडं आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "ठकूबाई, ही तुमची पोर आहे ना?"

"माझी."

"नाचणी गेली तर पोरंबाळं खातील काय? तुम्ही बोलावलं, तुम्हीच पाठवा. तुमचं ऐकते ती. एकदा जा म्हणालात, गेली. आत्ता म्हणा."

सगळं गाव बघत होतं. भिजलेली कणसं, भिजलेली माणसं. बाळोजी खोटं बोलत नव्हता, म्हणून तर अवघड होतं. सासरे इथं थांबायचे आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघायचे. मीही बघते, पण मला ते तेवढं जमत नाही.

ठकूनं खळ्याकडं बघितलं, वर ढगाकडं बघितलं. मग म्हणाली, "आल्या लेकीला दारातून जा म्हणायचं मला दुसऱ्यांदा जमणार नाही. पण तुमची नाचणीही भिजणार नाही."

ती घरात गेली, विळा घेतला आणि आपल्याच घराच्या भिंतीवर चढली. छपराचे बंद कापले. गवताचे पेंढे ओढून खाली टाकले. वासे ढकलून दिले. "अगं, वेड लागलं का?" बाया ओरडल्या. ठकू सगळं छप्पर उतरवून आत गेली, चुलीपाशी उभी राहिली, मान वर केली आणि म्हणाली, "मंजे, तिकडं काय करतेस खळ्यावर? परकी आहेस का? घरात ये."

आणि म्हणे, ढग सरकला. खळ्यावरून उचलला गेला आणि ठकूच्या चार भिंतींवर येऊन थांबला. पाऊस पडला तो फक्त तेवढ्यातच. बाहेर कोरडं, आत पाऊस. रागाचा नाही, गडगडाटाचा नाही, बारीक, न संपणारा. मंजी घरात शिरली की एकेका वस्तूला हात लावायची, तसा. चुलीला, जात्याला, वळणीवरच्या गोधडीला. ठकू आत भिजत उभी होती. तिच्या ओठांवर आलं होतं, 'किती उशीर केलास गं'. ते तिनं गिळलं, असं सांगतात.

आतलं पाणी दारातून पूर्वेला वाहिलं. खालच्या मुलखात लोकांनी ज्वारी पेरून ठेवली होती, तिला ते नेमकं वेळेवर पोचलं. मंजीचा उशीर तिकडं कुणाला उशीर वाटलाच नाही. चार दिवसांनी ती निघाली. जाताना म्हणाली, "आई, येते." ठकू म्हणाली, "ये."

ठकूनं पुन्हा या चार भिंतींवर छप्पर घातलं नाही. गावानं विचारलं तर म्हणाली, "तिला दार शोधायला वेळ लागतो."

आता तुम्ही म्हणाल, शाळेत तर परतीच्या पावसाचं कारण वारे, तापमान असं काहीतरी शिकवतात. माझी मुलगीही तेच म्हणते. तिनं भूगोलच घेतला होता. तिचंही बरोबर असेल, मी कुठं नाही म्हणते?

तर आजही आमच्याकडं परतीच्या पावसाला कुणी शिव्या देत नाही. नाचणी भिजली तरी नाही. गेल्या वर्षी माझे पोह्याचे पापड पार लगदा झाले. तोंडात सगळं तयार होतं, ते मी नवऱ्याकडं वळवलं. आणि आजही दसऱ्यानंतर पूर्वेकडून ढग आला, की गावातली एखादी बाई हातातलं काम टाकून इथं येते आणि या चार भिंतींत उभी राहते. जिच्या तोंडून कधीतरी, कुणालातरी, नको तो शब्द गेलेला असतो, ती. दोन वर्षांपूर्वी मीही उभी राहिले होते. लेकीला फोनवर काहीतरी बोलले होते, काय ते राहू दे.

आत ती काय म्हणते, ते बाहेर ऐकू येत नाही. ओल्या डोक्यानं ती गावात परत येते, तेव्हा तिला कुणी काही विचारत नाही. ज्याचं घर पहिलं लागतं, ते टॉवेल देतं आणि चहा टाकतं.