इनामदारांचा फिरकीचा तांब्या

“आणि हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत तर?” तुळाजीराव इनामदारांनी विचारलं.

“मूळव्याध काय सांगत फिरायची गोष्ट आहे?” चिमणबुवा गोसावी म्हणाले.

तरीही इनामदार मठीच्या मागे जाऊन कुणी नाही ना, ते पाहून आले. माणूस तालेवार, पण स्वतःच्या सावलीवरही पाळत ठेवणारा. तीन कोस घोड्यावरून आले होते. या दुखण्यात तीन कोस म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बुवांनी घोंगडी पुढे केली, पण ते उभेच राहिले.

“रक्त पडतं?”

“एखाद-दुसरा थेंब.”

“वाढलं तर लाजू नका, वैद्याला दाखवा. खाता काय?”

“चाळलेल्या पिठाची पोळी. भाजीत कोण काय टाकील, सांगता येत नाही.”

“ताक?”

“विरजण लावताना आपण बघायला असतो का?”

“पाणी?”

इनामदारांनी खांद्याला अडकवलेला फिरकीचा तांब्या दाखवला. झाकण घट्ट आवळलेलं होतं. दहा वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि घरची विहीर धाकट्या भावाच्या, राघोजीच्या, वाट्याला गेली. तेव्हापासून इनामदार डोंगरातल्या झऱ्यावर जाऊन स्वतःच्या हातानं हा एक तांब्या भरून आणत आणि दिवसभर पुरवत.

“बुवा, सोमवारी चावडीत मोठा निवाडा आहे. दिवसभर गादीवर बसायचंय. मधेच उठलो तर राघोजी बसेल. त्याला तेच हवंय. काहीतरी जालीम द्या.”

“भाकरी कोंड्यासकट खा. पालेभाजी खा. रोज कोमट पाण्यात थोडा वेळ बसा. कुंथू नका. थोडं पायी चाला. आणि भरपूर पाणी प्या.”

“एवढंच?” इनामदारांचे डोळे बारीक झाले. “खरं औषध लपवताय तुम्ही.”

बुवांनी आपला तांब्या घागरीतून भरून पुढे केला.

“आधी तुम्ही प्या.”

बुवा प्यायले.

“तुम्ही आधीच उतारा घेतला असेल...”

बुवांना हसू आलं. त्यांनी तांब्या पुन्हा भरून कट्ट्यावर ठेवला आणि उरलेली घागर घोड्यापुढच्या दगडी डोणीत ओतली. घोड्यानं तोंड घातलं ते वर काढलंच नाही.

“त्या मुक्या जनावराला काय कळतंय?” इनामदार म्हणाले.

“खरंय. म्हणून तर त्याला मूळव्याध नाही.”

इनामदार ओशाळले. घशाला कोरड तर केव्हाचीच पडली होती. त्यांनी तांब्या उचलला, वास घेतला, एक घोट घेतला. मग घटाघटा पिऊ लागले. मला तरी त्या वेळी त्यांची दयाच येते. दहा वर्षं माणूस तहानलेला होता.

“गोड आहे हो... कुठलं पाणी?”

“राघोजीच्या विहिरीचं. रोज एक घागर इथं आणून देतो तो.”

तांब्या ओठांशीच थांबला. पाणी ना खाली ठेवलं जात होतं, ना पोटात जात होतं...

घोडा रिकामी डोणी चाटत होता.

“थांबलात का?” बुवा म्हणाले. “औषध अजून अर्धं उरलंय.”