रखमाजीच्या कानातली शांतता

फार पूर्वी, रखमाजी तांबटाच्या कानात तीन इवली हाडं राहत होती: हातोडा, ऐरण आणि रिकीब. कानाचा पडदा थरथरला की हातोडा ऐरणीला हलवी, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या पाण्यात लाट उठवी. मग नस ती खबर मेंदूकडे पोचवी.

दिवसभर तांबं ठोकल्याचे आवाज ऐकून मेंदू विटला. “पुरे ही ठणठण! हलू नका,” त्याने हाडांना हुकूम सोडला.

“धनी, ठोक्यांबरोबर हाकाही अडतील,” ऐरण म्हणाली.

“अडू देत!”

हाडं थांबली. हळूहळू तशीच एकमेकांना चिकटून बसली. मेंदू सुखावला.

पण त्या शांततेत एके दुपारी कुणीतरी हाक मारली, “रखमाजी...”

मेंदू दचकला. घरात फक्त रखमाजीची बायको सगुणा होती, आणि ती कधी त्याचं नाव घेत नसे. “कोण आलंय?” त्याने नसेला विचारलं.

“मी काहीच आणलं नाही, धनी. किती दिवस रिकामी बसलेय.”

“रखमाजी...” हाक पुन्हा आली, अगदी आतून.

मागे भट्टीपाशी सगुणाचा पदर पेटला होता आणि ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. रखमाजी मात्र दारात उभा राहून रिकाम्या वाटेला ‘ओ’ देत होता.